'भिस्त', 'भरवसा' आणि 'आश्रय' : यशया ३१ वाचताना पडलेला प्रश्न

प्रश्न

रोजच्या बायबल-वाचनात सध्या यशया संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे. ३०व्या आणि ३१व्या अध्यायांत यहूदा राज्याचे पुढारी अश्शूर साम्राज्याच्या धास्तीने मिसराकडे (इजिप्तकडे) मदत मागायला धावतात, घोड्यांवर नि रथांवर विसंबतात, आणि संदेष्टा त्यांना खडसावतो. हे कुणाला समजावून सांगायचं तर भिस्त, भरवसा, विश्वास, मदार, आश्रय असे कितीतरी शब्द हाताशी येतात. बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. यांत नेमका फरक काय? आणि देवाविषयी बोलताना कोणता चपखल?

प्रतिसाद

विश्वास नुसत्या बोलण्यावरही बसतो. 'तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास आहे' म्हणताना माझं काही पणाला लागत नाही. भिस्तीचं तसं नाही. 'सगळी भिस्त थोरल्यावर' म्हटलं, की थोरल्याने हात वर केले तर घर उघड्यावर पडणार, हे त्यात आलंच. मदारही त्याच जातीचा शब्द. अरबीतून आलेला, मुळात ज्याभोवती फिरायचं तो आस. भरवसा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. फसगतीची म्हणही त्याच्याच नावाने आहे: भरवशाच्या म्हशीला टोणगा. यहूदाचं मिसराच्या बाबतीत तेच झालं. अश्शूरचा सरदार रब-शाके यरुशलेमेच्या तटाखाली उभा राहून ओरडून सांगतो, की मिसर म्हणजे चेपलेला बोरू आहे, टेकाल तर हातात घुसेल (२ राजे १८:२१).

प्रतिसाद

वरचं विवेचन पटलं, पण म्हणीपाशी थांबू नये असं वाटतं. मिसर कुचकामी निघाला म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवणं चूक, असा अर्थ लावला तर यशयाचं म्हणणं निम्मंच हाती लागतं. टोणगा झाला नसता तर ते बरोबर ठरलं असतं का?

यहूदाच्या आसा राजाची हकिकत पाहा. २ इतिहास १४ मध्ये कूश देशाच्या जेरहाचं अफाट सैन्य चालून येतं, तेव्हा आसा प्रार्थना करतो: आम्ही तुझ्यावर भिस्त ठेवली आहे. तिथे हिब्रूत जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ अंगाचा भार टाकून रेलणं. शौल आपल्या भाल्यावर रेलला होता (२ शमुवेल १:६), आंधळा शमशोन खांबांना टेकू पाहत होता (शास्ते १६:२६), तिथेही हेच क्रियापद. मधे बरीच शांततेची वर्षं जातात. १६व्या अध्यायात इस्राएलाचा राजा बाशा रामा नगराची तटबंदी करून आसाची नाकेबंदी करतो. आता आसा मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या बेन-हदादाकडे पाठवतो, तह करायला. आणि तह फळतो! बेन-हदाद उत्तरेकडून हल्ला करतो, बाशा काम टाकून निघून जातो, आसा तिथले दगड आणि लाकडं आणून गेबा नि मिस्पा बांधून काढतो. राजकारण म्हणून पाहिलं तर खेळी शंभर टक्के यशस्वी. नेमका तेव्हाच द्रष्टा हनानी येऊन म्हणतो, तू अरामाच्या राजावर रेललास, परमेश्वरावर रेलला नाहीस. क्रियापद तेच, फक्त भार दुसरीकडे गेलेला. आसा चिडून त्याला खोड्यात घालतो.

म्हणून मला रोजचं वाचन सलग असावं असं कळकळीने वाटतं. आवडीचं एकेक वचन उचललं तर १४वा अध्याय दिलासा देतो आणि १६वा इशारा देतो, पण तोच माणूस, तेच क्रियापद आहे हे निसटतं. आणि आपलाही भार असाच कधी सरकला, हे तपासायची वेळच येत नाही.

प्रश्नकर्ता

मग मदत घ्यायचीच नाही का? ओळखीपाळखी, नोकरी, गाठीची पुंजी, हे सगळं मिसरच समजायचं?

प्रतिसाद

नाही. बंदिवासानंतर यरुशलेमेला परतलेले दोन पुढारी, एज्रा आणि नहेम्या, यांची पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचा. एज्राला पारसच्या राजाकडे शिपाई आणि स्वार मागायची लाज वाटली, कारण आमचा देव आमचं रक्षण करतो असं तो राजाला सांगून बसला होता (एज्रा ८:२२). नहेम्याबरोबर राजाने सरदार नि स्वार दिले, ते घेऊन तो निघाला (नहेम्या २:९). दोघांपैकी कुणालाही पवित्र शास्त्र दोष देत नाही. नहेम्या प्रार्थनाही करतो आणि रात्रंदिवस पहाराही बसवतो. याला तरतूद म्हणावं, भिस्त नव्हे. उलट यशया २२ मध्ये यरुशलेमेचे लोक शस्त्रं तपासतात, पाणी साठवतात, तट भक्कम करतात. ही कामं करू नका असं संदेष्टा म्हणत नाही. हे ज्याने घडवलं त्याच्याकडे तुम्ही पाहिलं नाही, एवढीच त्याची तक्रार आहे.

तेव्हा वापराचं विचाराल तर तरतूद करावी, मदत घ्यावी, माणसांवर विश्वासही ठेवावा. भिस्त हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण सगळा भार एकाच वेळी दोन ठिकाणी टाकता येत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची भिस्त कशावरच नसते.

प्रतिसाद

'आश्रय' राहूनच गेला. स्तोत्र ११८:८-९ मध्ये माणसांच्या आणि अधिपतींच्या बाजूला भरवसा ठेवण्याचं क्रियापद आहे, परमेश्वराच्या बाजूला आश्रय घेण्याचं. भिस्त जागच्या जागी बसूनही ठेवता येते. आश्रयाला उठून जावं लागतं. यशया ३१ समजावताना मी मिसरासाठी 'भिस्त' हा शब्द वापरीन आणि परमेश्वरासाठी 'आश्रय'.