पार्किंगसाठी शेजारचा प्लॉट कमर्शियल करावा का? (म्हापसा)

चिरेबंदी
बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तळमजला अधिक तीन मजल्यांची कमर्शियल इमारत होतेय. प्लॅनवर २४ गाड्या दाखवल्यात. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये) त्या मावत नाहीत, म्हणून लागूनचा ४०० चौरस मीटरचा सेटलमेंट झोनमधला (राहत्या वस्तीचा) प्लॉट कमर्शियल करून मागितलाय. माझा विरोध आहे. झोन जमिनीला लागतो, कारणाला नाही. आज 'फक्त गाड्या लावायला' म्हणून बदलला आणि दोन वर्षांनी तिथे दुकानांचा प्लॅन घातला, तर अडवणार कशाच्या आधारावर? २०२४ साली गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात ३९-अ कलम आलं, तेव्हापासून एकेकट्या प्लॉटचाही झोन बदलता येतो आणि हरकतीला मिळतात ३० दिवस.

बाजारकर
अजिबात पटलं नाही. शुक्रवारी पेडण्या-डिचोलीकडची माणसं बाजाराला येतात, चतुर्थीआधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजाराला तर पाय ठेवायला जागा नसते. त्या गाड्या आजही गल्लीतच लागतात. बाजाराला लागून जागा आयती मिळत असताना ती नाकारायची आणि रस्ता अडतो म्हणून पुन्हा आपणच ओरडायचं? दुकानांची भीती असेल तर झोन बदलाच्या आदेशातच अट घाला: दोन्ही प्लॉट एकत्र करायचे, तिथे बांधकाम नाही, नोंदणीकृत हमीपत्र द्यायचं.

नकाशावाली
आधी हिशोब करू, मग झोनवर भांडू. स्टिल्टचं क्षेत्र ५०० चौ.मी. आहे. जिना, लिफ्ट, मीटररूम, जनरेटर यांना ६०-७० गेले, उरले ४३०-४४०. फिरायच्या वाटेसकट एका गाडीला छताखाली २८ चौ.मी. धरायचा नियोजनातला नेहमीचा हिशोब आहे (उघड्यावर २३, तळघरात ३२). म्हणजे १५ गाड्या. कमी पडतात ९. नऊला उघड्यावर २०७ चौ.मी. पुरे, मग ४०० कशाला मागताय?

आणि ते १५ सुद्धा कागदावरचेच. खांब ५ मीटरवर आहेत, मध्ये अडीच-अडीच मीटर रुंदीच्या दोन गाड्यांच्या जागा काढल्यात. खांब ४५ सेंमीचा, मोकळे उरतात ४.५५ मीटर. पावणेदोन मीटर रुंदीच्या दोन गाड्या उभ्या केल्या की उरतात १.०५ मीटर, तीन फटींत विभागले तर प्रत्येकी ३५ सेंमी. दार उघडून माणूस उतरणार कसा? अशा ठिकाणी दोनऐवजी एकच गाडी लागते आणि दुसरी गल्लीत येते. खांब वाटेपासून मीटरभर मागे घेतले असते तर दारं खांबाला लागली नसती. ते प्लॅन काढतानाच करायचं असतं, आता खांब ओतून झालेत.

चिरेबंदी
मग तळघर करायला हवं होतं.

नकाशावाली
या प्लॉटवर नाही. ३.२ मीटर उतरायला १:८ चढाने रॅम्पच २५.६ मीटर, दोन्ही टोकांचा सौम्य उतार धरून तिशीला जातो. प्लॉटची खोली २८. शिवाय जुलैत आपल्याकडे विहिरी काठोकाठ असतात, चिऱ्याच्या जमिनीतून पाणी पाझरतच राहतं. पाणी जमवायचा खड्डा (संप), दोन पंप आणि वीज गेली तरी चालणारा जनरेटर नसेल तर ते तळघर म्हणजे टाकी. दोन गाड्या एकावर एक घेणारी लिफ्ट म्हणाल तर तिला साडेतीन मीटरहून जास्त उंची लागते, इथल्या स्टिल्टला ती नाही.

गल्लीकर
दुचाक्या सगळेच विसरलात. बाजाराला येणारे बहुतेक स्कूटरवर येतात. एका स्कूटरला १ बाय २ मीटर जागा, तीही दर्शनी बाजूला हवी. दहा मिनिटांच्या कामाला कोणी मागे वळसा घालून जात नाही. प्लॅनवर एकही दुचाकीची जागा नाही. साडेपाच मीटरच्या गल्लीत एका बाजूला गाड्या लागल्या की साडेतीन उरतात, त्यात स्कूटर तिरक्या लागल्या तर अग्निशामक गाडी शिरत नाही. माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात गंभीर गोष्ट आहे.

बाजारकर
दुचाक्यांचं मान्य. २१० चौ.मी.वरही मी तयार आहे. पण अर्जच फेटाळायचा हे नाही, ९ गाड्या रस्त्यावरच येतील.

चिरेबंदी
अट घालून सोडणं मला पुरेसं वाटत नाही. अट पाळली का, हे बघायला नंतर कोणी येत नाही. स्टिल्टला शटर लागतं, गोदाम होतं. रोखायची वेळ एकच, पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) काम पुरं झाल्याचा कंप्लीशन दाखला देते आणि नगरपालिका वापराचा ऑक्युपन्सी दाखला देते त्याआधी, टेप घेऊन जागेवर मोजून.

नकाशावाली
हरकत घालणाऱ्यांना एक सांगते. माहिती अधिकारात प्लॅनची प्रत मागाल तर उत्तराची मुदतही ३० दिवस, म्हणजे प्रत हाती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली. आधी लेखी हरकत द्या, वरचा १५ आणि ९ चा हिशोब आणि खांबांची मापं त्यात घाला, पोच घ्या. 'पार्किंगला विरोध' असं मोघम लिहू नका. 'गरज २०७ चौ.मी.ची, मागणी ४०० ची, उरलेल्या १९३ चौ.मी.चं कारण द्या' असं लिहा. प्लॅनची प्रत नंतर जोडता येईल.