हल्ला झाला की सत्ताधारी पडतात?

काही जण म्हणतात की दहशतवादी हल्ल्याचा राजकीय फायदा विरोधकांनाच होतो. २६/११ चं उदाहरण बघा. ताजमधली कारवाई संपली त्याच दिवशी, २९ नोव्हेंबर २००८ ला, दिल्लीत विधानसभेचं मतदान होतं. आदल्या दिवशी भाजपने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या, काळ्या पानावर रक्ताचे शिंतोडे! तरी सत्ताधारी काँग्रेसच्या मुख्यमंत्री शीला दीक्षितच पुन्हा निवडून आल्या. इकडे महाराष्ट्रात मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील दोघांनाही पदं सोडावी लागली, पण २००९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पुन्हा सत्तेत आणि आबा पुन्हा गृहमंत्री. मेणबत्त्या घेऊन गेटवेवर जमलेल्या दक्षिण मुंबईत २००९ च्या लोकसभेला मतदान जेमतेम चाळीस टक्के. मग नेत्यांना कसली भीती वाटणार? राजीनामे घेतले की प्रकरण मिटतं, हे सगळ्याच पक्षांना पक्कं ठाऊक आहे.