क्वांटम गेम थिअरी: 'डावपेच', 'डाव', 'चाल' की 'व्यूहनीती'?

वैदेही, धरमपेठ: नागपूरच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी 'कैद्यांचा पेच' (प्रिझनर्स डिलेमा: दोघांनी सहकार्य केलं तर 3-3 गुण, दोघांनी फितुरी केली तर 1-1, एकानेच केली तर फितुराला 5 आणि दुसऱ्याला 0) या खेळाच्या क्वांटम रूपावर मराठी टिपण तयार होत आहे. आयझर्ट, विल्केन्स आणि लेवेनस्टाइन या भौतिकशास्त्रज्ञांच्या 1999 च्या मांडणीतल्या 'स्ट्रॅटेजी'ला काय म्हणावं? मसुद्यात 'डावपेच' आहे.

श्रीकांत: डावपेच नको. त्यात कावा येतो, आणि इथली सगळ्यात महत्त्वाची स्ट्रॅटेजी 'क्यू' (साध्या खेळात नसलेली, फक्त क्वांटम रूपात मिळणारी) तशी नाही. गुंता (एंटँगलमेंट: दोन क्युबिट्स, म्हणजे क्वांटम बिट्स, एकमेकांशी जोडलेले असणं) पूर्ण असताना दोघांनी क्यू लावलं तर 3-3 मिळतात. एकाने क्यू लावलं आणि दुसऱ्याने फितुरी केली तर फितुराच्या हाती 0, क्यूवाल्याला 5. 'डाव'ही सोडा, जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर डाव म्हणजे अख्खी इनिंग. सरळ 'चाल' घ्या: प्रत्येक खेळाडू आपल्या क्युबिटवर एकच गेट (क्युबिटची अवस्था बदलणारी क्रिया) लावतो.

मीनल: इथवर बरोबर आहे जी, पण सीएचएसएच या दोघांनी मिळून जिंकायच्या क्वांटम खेळात 'चाल' अपुरी पडते. तिथे पंच प्रत्येकाला 'प्रश्न 0' किंवा 'प्रश्न 1' विचारतो आणि दोन्ही प्रश्नांसाठी मोजमापाचे कोन आधीच ठरलेले असतात: एकाचे 0 आणि 45 अंश, दुसऱ्याचे 22.5 आणि उणे 22.5. (हे प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे कोन, क्युबिट फिरवणाऱ्या आरवाय गेटला दुप्पट द्यायचे.) हा आखलेला तक्ता म्हणजे 'व्यूहनीती', प्रश्न आल्यावरचं मोजमाप ही 'चाल'. गुंत्याशिवाय जास्तीत जास्त 75 टक्के जिंकता येतं, गुंत्याने सुमारे 85.4. कैद्यांच्या खेळात प्रश्नच नाही, म्हणून तिथे दोन्ही एकच.

श्रीकांत: मान्य. मग 'अनुमत चाली' हाही शब्द टिपणात हवाच. बेंजामिन आणि हेडन यांनी 2001 मध्ये दाखवलं की सगळी युनिटरी गेट्स (उलट फिरवता येणाऱ्या क्वांटम क्रिया) मोकळी सोडली तर क्यूचा समतोल (एकट्याने चाल बदलून कोणालाच फायदा न होण्याची स्थिती) टिकत नाही, प्रत्येक चालीला तोड निघते.

वैदेही: आणि 'एंटँगलिंग गेट'? 'गुंतवणूक गेट' वाचून मुलं म्युच्युअल फंडाकडे वळतील.

मीनल: 'गुंतवणारं गेट', आणि मोजमापाआधीचं उलटं ते 'सोडवणारं गेट'. जोडीनेच शिकवा. सोडवणारं लावायचं राहून गेलं तर दोघांनी सहकार्य करूनही मोजमापात 00 आणि 11 (0 म्हणजे सहकार्य, 1 म्हणजे फितुरी) निम्मे-निम्मे येतात, सरासरी 3 ऐवजी 2. दुसरी चूक जास्त छुपी आहे: गुंतवायला आरएक्सएक्स (दोन क्युबिट्सवर एकदम चालणारं एक गेट) घेतलं तर फितुरीची चाल एक्स गेटच हवी. वाय गेट लावलं की 10 च्या जागी 01 येतं, म्हणजे फितुराचे 5 गुण सहकार्य करणाऱ्याच्या खात्यात पडतात. दोघांनी फितुरी केली तर मात्र 11 च येतं, त्यामुळे तेवढंच तपासून ही चूक सापडत नाही.