उत्तर: एकेक शीट स्वच्छ, पब्लिशमध्ये मात्र फिकट

दादा, ऑटोकॅडमधून प्लॉटरवर एकेक शीट काढली तर काळीभोर आणि पब्लिशने (अनेक शीट एकदम छापायची सोय) सगळा गठ्ठा टाकला की डायमेन्शनच्या, म्हणजे मापांच्या, रेषा पुसट, असं तुम्ही लिहिलंय. प्लॉटरचं हेड (शाई सोडणारा भाग) बदलायची घाई करू नका. मी बडोद्यात रावपुऱ्याच्या एका दुकानातून अशाच बावीस ए-१ शीट रद्दीत घातल्यात, पैसे देऊन!

गोम अशी की, प्लॉटच्या खिडकीत आपण मोनोक्रोम सीटीबी (सगळे रंग काळे छापायला सांगणारी फाइल) निवडतो, पण ‘अप्लाय टू लेआउट’ दाबत नाही. पब्लिश मात्र लेआउटमध्ये (शीटच्या छपाईच्या पानात) जतन झालेलाच पेज सेटअप, म्हणजे छपाईच्या सेटिंगचा संच, उचलतं. तिथे सीटीबी नसेल तर पिवळी रेषा पिवळीच जाते आणि काळ्या-पांढऱ्या प्लॉटवर तिचे फिकट ठिपके होतात. माझ्या शीटवर भिंती ठणठणीत होत्या, पिवळ्या लेयरवरची मापं तेवढी गायब.

एक नावाचा पेज सेटअप करून ठेवा, पब्लिशच्या यादीत सगळ्या शीट निवडून तोच लावा. आधी पीडीएफ काढून ४०० टक्के मोठी करून बघा. तिथे रेषा काळी असेल आणि कागदावर तुटक, तरच नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारी चाचणी) काढा आणि प्लॉटरचा ड्रायव्हर ड्राफ्टवर, म्हणजे कच्च्या छपाईवर, तर नाही ना, ते पाहा.