जंतू शिकला नाही, शेजारी बदलला

'लसीमुळे जंतू हुशार होतात, मग लस देऊन उपयोग काय' असं काही जण म्हणतात. न्यूमोकोकसचंच उदाहरण बघा. हा जीवाणू लहान मुलांच्या नाका-घशात एरवीही मुक्काम ठोकून असतो, बहुतेकदा काहीही त्रास न देता. त्याच्या बाहेरच्या शर्करेच्या आवरणावरून त्याचे जवळपास १०० प्रकार पडतात. अमेरिकेत २००० साली आलेली संयुग्म लस (म्हणजे या आवरणाच्या शर्करेला प्रथिनाची जोड देऊन केलेली लस) त्यातल्या फक्त ७ प्रकारांवर होती. ते ७ नाकातून हटले आणि मोकळ्या जागेत १९ए हा प्रकार फोफावला. तो आधीही होताच, फक्त दबून होता. (काही जीवाणूंनी मात्र आवरणाची जनुकं दुसऱ्या प्रकाराकडून उचलून खरोखरच वेश बदलला, हेही मान्य करायला हवं.) १९ए वर बरीच प्रतिजैविकं चालेनात, म्हणून काळजी रास्तच होती.

पण मुलांमधला रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पसरणारा गंभीर आजार एकूण खूप घटला, कारण जागा घेणारे बरेचसे प्रकार तितके घातक नव्हते. लस न घेतलेल्या आजी-आजोबांमध्येही लसीतल्या प्रकारांचा आजार कमी झाला. १९ए चा समावेश असलेली १३ प्रकारांची लस तिथे २०१० मध्ये आली आणि तोही ओसरला.