शब्दचर्चा : ‘विकृती’, ‘गाठ’ की ‘रचनादोष’?

प्रश्न : मेंदूतील ‘आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन’, म्हणजे ‘एव्हीएम’, या आजारावरील संशोधनाविषयी मराठीत लिहीत आहे. ‘मालफॉर्मेशन’साठी ‘विकृती’ योजावा का? मनाला तो पटत नाही.

उत्तर : परिभाषा म्हणून ‘विकृती’ चुकीचा नाही, परंतु व्यवहारात ‘विकृत’ हे विशेषण माणसाच्या वृत्तीलाच चिकटले आहे, त्यामुळे ‘मुलीच्या मेंदूत विकृती आहे’ हे वाक्य तिच्या आईच्या हाती पडले तर तिला काय वाटेल, याचा विचार आधी व्हायला हवा. मी ‘रचनादोष’ लिहितो. एरवी धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जाते, तेथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरते. या आजारात मधले जाळेच नसल्याने ते जोराचे रक्त थेट पातळ भिंतीच्या शिरेत घुसते आणि ती फुटण्याचा धोका राहतो. बिघाड बांधणीचा आहे, आणि शब्दानेही तेच सांगावे.

‘गाठ’ मात्र अजिबात नको, कारण तो वाचताच कर्करोग डोळ्यांसमोर येतो. वाहिन्यांच्या पुंजक्याला वैद्यकात ‘निडस’, म्हणजे लॅटिनमध्ये घरटे, म्हणतात. मराठीत ‘गुंता’ चपखल बसतो. ‘नस’ही जपून वापरावा : ‘डोक्यातली नस फुटली’ म्हणताना रक्तवाहिनी अभिप्रेत असते, तर ‘मानेची नस दबली’ म्हणताना मज्जातंतू.

आणखी एक आग्रह. या आजाराला सरसकट ‘आनुवंशिक’ म्हणू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ७२ पैकी ४५ रुग्णांच्या गुंत्यातील ऊतीत केआरएएस या जनुकातला बदल सापडला. तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांत मात्र तो नव्हता. म्हणजे हा बदल आईवडिलांकडून आलेला नसून त्या जागच्या पेशींतच घडलेला होता. काही कुटुंबांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या दिसतो हे खरे, पण ती उदाहरणे थोडी.

पुरवणी : उपचारांच्या शब्दांबाबतही हीच काळजी हवी. मांडीतून किंवा मनगटातून नळी सरकवून गुंत्यात चिकट द्रव सोडतात, त्या ‘एम्बोलायझेशन’ला ‘वाहिनी बुजवणे’ हे साधे क्रियापद पुरते. ‘गॅमा नाइफ’मध्ये चाकू नसतो, किरणांचा मारा असतो, त्यानंतर गुंता बुजायला साधारण २ ते ३ वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका टळत नाही, म्हणून ‘किरणांनी गुंता नष्ट केला’ असे न लिहिता ‘किरणोपचार दिले, गुंता बुजण्याची वाट पाहिली जात आहे’ असे लिहावे.