बाबांच्या ४८६साठी फॅक्स मोडेम: आतलं कार्ड ठेवू की बाहेरचा घेऊ?

गिरगावची_पोर

नमस्कार मंडळी. आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. पोटमाळा रिकामा करताना बाबांच्या दुकानातला संगणक खाली उतरवला. फोर्टात त्यांचं टंकलेखन आणि फॅक्सचं दुकान होतं. १९९५ ते २००१ या काळात याच ४८६ प्रोसेसरच्या संगणकावरून वकिलांचे कागद दिल्लीला, नागपूरला जायचे. विंडोज ३.११, त्यात विनफॅक्स हा फॅक्स पाठवायचा प्रोग्राम, आणि आत १४.४ किलोबिटचं मोडेम कार्ड. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. यंत्र सुरू झालं तेव्हा पडद्याकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "यावरून एक फॅक्स जाईल का गं?" तेव्हापासून मी याच कामाला लागलेय.

अडचणी दोन. फॅक्स पाठवायला घेतला की माऊस जागच्या जागी गोठतो. माऊस सिरीयल आहे, कॉम-१ वर, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टवर. तो काढून नुसत्या कीबोर्डवर केलं तर थोड्या वेळाने 'नो डायलटोन' येतं. घरचा फोन फायबरच्या डब्यातून आहे आणि रिसीव्हर उचलला की टोन छान ऐकू येतो.

कार्ड गेलंय का? लॅमिंग्टन रोडला जुना बाहेरचा मोडेम मिळाला तर घेऊ का, आणि कुठला घेऊ?

डोंबिवली_लोकल

माझ्याकडे ५६केचं पीसीआय मोडेम कार्ड पडून आहे. कुरिअरचा खर्चही नको, स्टेशनवर आणून देतो. १४.४ पेक्षा चौपट वेग मिळेल.

तांब्याची_तार

ताई, सगळ्यात आधी मशीन बंद करा आणि मदरबोर्ड बघा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती इतक्या वर्षांत गळते आणि तिचं पाणी तांब्याच्या रेषा खात जातं. हिरवी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग स्पिरिटने पुसा आणि पुरतं वाळू द्या. मोडेमचं नंतर बघू. मुंबईच्या हवेत पोटमाळ्यावर वीस-बावीस वर्षं राहिलेला बोर्ड आहे, त्याला आधी वाचवायला हवं.

आता कार्डाबद्दल. मी १९८९पासून बरीच वर्षं मोडेम आणि प्रिंटर दुरुस्त केले. तुम्ही सांगताय ती तक्रार आठवड्यातून दोनदा यायची, आणि त्यात कार्ड बहुधा धडधाकट निघायचं. कॉम-१ आणि कॉम-३ हे दोघेही आयआरक्यू ४ वापरतात. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची घंटा. कॉम-२ आणि कॉम-४ आयआरक्यू ३ वापरतात. तुमचं कार्ड कॉम-३ वर बसवलेलं असणार. मोडेम जागा झाला की तो माऊसचीच घंटा वाजवायला लागतो आणि माऊसचं कोणी ऐकत नाही. दुकानात बाबा बहुतेक कीबोर्डवरच काम करत असतील, किंवा हा माऊस नंतर आला असेल. विचारून बघा.

उपाय असा. पोर्ट ज्या आय-ओ कार्डावर आहेत त्याच्या जंपरने (पिनांवर बसणारी छोटी टोपी) दुसरा सिरीयल पोर्ट बंद करा. मग मोडेम कार्डाचे जंपर कॉम-२, आयआरक्यू ३ वर लावा आणि विनफॅक्समध्येही कॉम-२ निवडा. नुसतं मोडेम कॉम-२ करून जुना पोर्ट चालू ठेवलात तर एकाच पत्त्यावर दोन घरं होतील आणि नवीनच गोंधळ सुरू होईल. कार्ड बाहेर काढाल तेव्हा त्याची सोनेरी बोटं साध्या पांढऱ्या खोडरबरने घासून घ्या.

'नो डायलटोन'चं कारण वेगळं. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा असतो. आपला ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. कानाला दोन्ही टोनच वाटतात, पण तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या कार्डाला आपला टोन ओळखता येत नाही. त्याला टोनची वाट न बघता डायल करायला सांगायचं. विनफॅक्सच्या मोडेम सेटिंगमध्ये सुरुवातीच्या आज्ञेत एक्स४ असेल तिथे एक्स३ करा. एक्स३ने मोडेम टोन शोधत नाही, दोन सेकंद थांबून नंबर फिरवतो. एंगेज टोन मात्र ओळखतो, म्हणून एक्स१पेक्षा हे बरं.

डोंबिवलीकर, तुमचं मन मोठं आहे, पण ते कार्ड इथे लागणार नाही. या काळच्या बहुतेक ४८६मध्ये कार्ड खोचायला जुने आयएसए स्लॉट असतात, क्वचित व्हीएल बस. पीसीआय असलाच तरी ५६केची बरीच पीसीआय कार्डं विनमोडेम असतात. त्यांच्यात स्वतःचा कंट्रोलर नसतो, सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत प्रोसेसर करतो. ती डॉसमध्ये चालत नाहीत, ३.११साठी ड्रायव्हर मिळत नाही. आणि फॅक्सला ५६केचा काहीच फायदा नाही. ग्रुप ३ फॅक्सचा व्ही.१७ हा वेग १४,४०० बिटलाच थांबतो.

कोरा_कागद

फार जिव्हाळ्याचा धागा. मी डीटीपीवाला, गिरगावातच तीस वर्षं. एक गोष्ट मनापासून सांगतो: मराठी मजकूर पाठवणार असाल तर 'फाइन' निवडाच. साध्या फॅक्समध्ये उभ्या दिशेला इंचाला फक्त ९८ रेषा असतात, फाइनमध्ये १९६. आडव्या दिशेला दोन्हीकडे २०४च. इंग्रजी अक्षर ९८मध्ये तग धरतं. देवनागरीत मात्र रेघेच्या वर-खाली किती सामान असतं! अनुस्वार गळतो, रफार शिरोरेघेला चिकटतो, 'ऋ'चा नुसता डाग होतो. 'संमती'तला अनुस्वार गेला म्हणून आमच्याकडे एका कागदावरून मोठा घोळ झाला होता, तेव्हापासून मी साधा फॅक्स कधी पाठवला नाही. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

गिरगावची_पोर

तारकाका, मनापासून आभार. बॅटरीला नुकतीच हिरवट कड आली होती, कापली. पुसून दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. जंपर बदलले आणि माऊस अजिबात गोठत नाही! बाबा म्हणाले, दुकानात माऊस नव्हताच, २००० साली माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणला होता. तुमचा अंदाज तंतोतंत.

एक्स३ लावल्यावर मोडेम नंबर फिरवू लागला, पण कट-कट-कट असा आवाज येतो आणि समोर काहीच लागत नाही.

अजून एक. एमएसडी हा तपासणीचा प्रोग्राम चालवून बघितलं. कॉम-१ ला ८२५० दाखवतं, कॉम-२ ला १६५५०. यातलं मोडेमच्या दृष्टीने चांगलं कुठलं?

तांब्याची_तार

कट-कट म्हणजे पल्स डायलिंग, जुन्या एक्स्चेंजसाठीचं. फायबरचे बरेच डबे पल्स समजत नाहीत. डायलच्या आज्ञेत डीपी (पल्स) असेल तिथे डीटी (टोन) करा.

एमएसडीचं उत्तर वाचून मला फार बरं वाटलं. बाहेरचा मोडेम घेऊ का, या तुमच्या मूळ प्रश्नाचा निकाल त्यातच लागतो. ८२५० आणि १६४५० या सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या यूआर्ट चिपांच्या हातात एका वेळी एकच बाइट मावतो. प्रोसेसर तो उचलायला क्षणभर उशिरा आला की पुढचा बाइट त्यावर येऊन पडतो आणि आधीचा गेला. १६५५०कडे १६ बाइटांची रांग असते. विंडोज ३.११ डिस्कवर लिहीत असताना त्या रांगेच्या जोरावरच पान पूर्ण पोचतं. आतल्या मोडेम कार्डावर स्वतःचा यूआर्ट असतो आणि तुमच्या कार्डावर तो १६५५० निघाला. बाहेरचा मोडेम जोडलात तर तो तुमच्या जुन्या पोर्टच्या ८२५०वर येईल, म्हणजे मोडेम भारी आणि दार अरुंद. तेव्हा या मशीनमध्ये आतलंच कार्ड ठेवा. सिस्टम.आयएनआय फाइलमध्ये ३८६-एन्ह या भागात 'कॉम२फिफो=१' ही ओळ आहे का तेवढं बघा, नसेल तर घाला.

बाकी कोणी विचारेल तर माझा सल्ला अजूनही बाहेरच्या सिरीयल मोडेमचाच. दिवे दिसतात, अडकला तर नुसती वीज काढून परत लावता येते, जंपर नाहीत, आणि आत खरा कंट्रोलर असण्याची शक्यता जास्त. यूएस रोबोटिक्सचे कुरिअर आणि स्पोर्टस्टर किंवा डी-लिंकचा डीएफएम-५६०ई मिळाला तर बघा. फक्त अडॅप्टर तपासल्याशिवाय सॉकेटला लावू नका. अनेक मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही, आणि पिन सारखीच असते. शिवाय तिकडून आलेला १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो. मोडेमच्या पाठीवर आणि अडॅप्टरच्या पोटावर काय छापलंय ते जुळलं पाहिजे. विकत घेताना टर्मिनल प्रोग्राममध्ये जोडून एफक्लास, म्हणजे फॅक्सचे कुठले क्लास येतात ते, विचारा (ए-टी, अधिक, एफक्लास, बरोबर, प्रश्नचिन्ह). उत्तरात ० आणि १ असलं तरी फॅक्स जातो. २ किंवा २.० असेल तर ४८६साठी अजून चांगलं. क्लास १मध्ये समोरच्या यंत्राशी बोलण्याच्या वेळा संगणकाला सांभाळाव्या लागतात, क्लास २मध्ये ते मोडेम बघतो.

गिरगावची_पोर

डीटी केल्यावर नंबर लागला! समोर बाबांच्या मित्राच्या ऑफिसातलं फॅक्स मशीन. तो २१०० हर्ट्झचा लांब सूर आला, मग खरखर सुरू झाली. तीनदा प्रयत्न केला. दोनदा खरखरीतच तुटलं, तिसऱ्यांदा अर्धं पान गेलं. बाबा तिन्ही वेळा शेजारी उभे होते.

कोरा_कागद

फायबर. आवाजाचे तुकडे करून पाठवतात, त्यातला एखादा उशिरा आला तर माणसाला कळत नाही, मोडेमचा ताल चुकतो. वेग ९६०० करून बघा, तरीही नाही तर ४८००. कंपनीला विचारा, डब्यात टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) चालू करता येतं का. निदान आवाज जी.७११ने, म्हणजे जास्त न दाबता पाठवतात का.

तांब्याची_तार

कोरा_कागद यांचं बरोबर आहे, ते करून बघा. जमेल तेव्हा जमेल. पण बाबांना तीनदा उभं करून तुम्ही परत पाठवलंत, ते मला लागलं. त्यांना फॅक्स गेलेला दिसायला टेलिफोनची लाइन हवीच असं नाही.

घरात एक लॅपटॉप असेल. त्याला यूएसबी फॅक्स मोडेम लावा. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ मिळाला तर उत्तम, त्यात कंट्रोलर आतच आहे. मग टेलिफोनची दोन तारांची केबल घेऊन एक टोक ४८६च्या कार्डात 'लाइन' लिहिलेल्या भोकात घाला, दुसरं या मोडेममध्ये. मधे दोनपैकी एकच तार कापून तिथे ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, आणि त्यांच्यासोबत ४७० ओहमचा रेझिस्टर, असं साखळीत जोडा. एक्स्चेंजमधून जो थोडासा प्रवाह येतो तो या बॅटऱ्या देतील आणि दोन्ही मोडेमना वाटेल आपण लाइनवर आहोत. ही केबल भिंतीतल्या किंवा फायबरच्या डब्यातल्या सॉकेटला कधीही लावायची नाही.

इथे घंटी वाजणार नाही, म्हणून लॅपटॉपने आपणहून उचलायची वाट बघू नका. ४८६वरून एखादा आकडा डायल करून पाठवा, एक्स३ आहेच. स्पीकरवर दर तीन-साडेतीन सेकंदांनी छोटी शीळ येऊ लागली की लॅपटॉपवर 'आत्ता फॅक्स घ्या' दाबा.

डोंबिवली_लोकल

५६३७ माझ्याकडे आहे, ऑफिसने जुनं सामान काढलं तेव्हा ठेवून घेतला होता. तो आणून देतो. रविवारी चर्नी रोडला, सकाळी.

गिरगावची_पोर

गेला. पूर्ण पान, फाइनमध्ये, ९६००वर.

डोंबिवलीकर मोडेम घेऊन घरीच आले आणि केबल त्यांनी बसून जोडली. एका बॅटरीवर मोडेम उचलत नव्हते, दोन लावल्यावर लगेच. बाबांनी स्वतः मजकूर टंकला, आपल्या जुन्या दुकानाचा पत्ता आणि खाली तारीख. शीळ सुरू झाल्यावर मी बटण दाबायच्या आत ते म्हणाले, "आता उचल." खरखर चालू असताना त्यांची मान तालात हलत होती. सूर बदलला तसं "वेग ठरला" म्हणाले, आणि तेव्हाच पान सरकायला लागलं. सगळे अनुस्वार जागेवर आहेत.

पानाच्या वरच्या पट्टीत दुकानाचा फोन नंबर छापून आला, सात आकडी, २००२मध्ये पुढे २ लागण्याच्या आधीचा. मी विचारलं, सेटिंगमध्ये बदलू का? नको म्हणाले.

एकच प्रश्न राहिला. विनफॅक्सच्या लॉगमध्ये जुने पाठवलेले फॅक्स आहेत. ते कागदावर काढायचेत, पण त्या डॉट मॅट्रिक्सची रिबन वाळून गेलीय. नवीन रिबन मिळेल का कुठे?

तांब्याची_तार

मॉडेल नंबर टाका ताई. रिबन मिळेपर्यंत छपाईचं राहू दे. आधी त्या हार्ड डिस्कची नक्कल काढून घ्या, आजच. आणि बॅटऱ्या केबलमधून काढून ठेवा.